विक्री विभागाचा आकडा धरावा की लेखा विभागाचा? मासिक अहवाल करणाऱ्या डेटा अ‍ॅनालिस्टचा प्रश्न

बेरीज_वजाबाकी

नमस्कार. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून गेली पाच वर्षे पुण्यातील एका खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते. पहिली तीन वर्षे माझे पद एमआयएस (व्यवस्थापनासाठी आकडेवारीचे अहवाल करणारी) एक्झिक्युटिव्ह असे होते. कंपनीने पॉवर बीआय हे आकड्यांचे तक्ते व आलेख दाखवणारे सॉफ्टवेअर घेतले तेव्हा पदाचे नाव बदलून डेटा अ‍ॅनालिस्ट झाले, काम मात्र बहुतांशी तेच राहिले. दर महिन्याच्या तीन तारखेला संचालकांच्या बैठकीत विक्रीचा अहवाल ठेवायचा असतो. कोणत्या डेपोतून किती माल गेला, कोणत्या वितरकाने किती उचलला, उद्दिष्टाच्या किती टक्के झाले आणि मागील वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत वाढ आहे की घट, हे सर्व त्यात असावे अशी अपेक्षा असते.

सप्टेंबरचा अहवाल ठेवताना माझ्या डॅशबोर्डवर विक्री ४.८२ कोटी रुपये दिसत होती. त्याच टेबलावर बसलेल्या लेखा प्रमुखांनी आपल्या वहीतून ४.३१ कोटी हा आकडा वाचून दाखवला. दोन्ही आकडे जीएसटी वगळूनच होते, त्यामुळे तो सोपा खुलासाही हाताशी नव्हता. कार्यकारी संचालक म्हणाले, "म्हणजे तुमच्यापैकी कोणीतरी एक जण आम्हाला गोष्ट सांगतोय." पुढची चाळीस मिनिटे विक्री वाढवण्याविषयी चर्चा व्हायला हवी होती, ती कोणाचा आकडा खरा यावरच गेली. विक्री प्रमुखांचे म्हणणे असे की माल दिला म्हणजे विकला. लेखा प्रमुखांचे म्हणणे असे की क्रेडिट नोट (परत आलेल्या मालापोटी वगैरे वितरकाच्या खात्यात जमा दिलेली रक्कम) वजा केल्याशिवाय विक्री या शब्दाला अर्थ नाही. मी दोघांच्या मधोमध उभी होते आणि मला उत्तर देता आले नाही, याचे वाईट वाटते.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की अशा वेळी अहवाल करणाऱ्याने कोणता आकडा धरावा? दुसरा जरा व्यक्तिगत आहे. महिन्यातील जवळपास बारा दिवस सहा डेपोंकडून आलेली पत्रके गोळा करणे, त्यांतील नावे व तारखा सारख्या करणे आणि फोन करून राहिलेली माहिती मागवणे यातच जातात. विश्लेषण म्हणावे असे काही हातून होतच नाही. ही डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी आहे, की नवी पाटी लावलेली जुनी कारकुनी?

जुना_हिशेबनीस

मी एका कारखान्याच्या कॉस्टिंग व लेखा विभागात ३१ वर्षे काढून आता निवृत्त झालो आहे. पॉवर बीआय मला येत नाही, परंतु तुमचा पहिला प्रश्न पॉवर बीआयचा नाहीच.

दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. विक्री विभागाला विचारायचे असते की आपल्या माणसांनी किती माल बाजारात लोटला. लेखा विभागाला विचारायचे असते की त्यातून किती रुपये आपल्या नावावर लागले. तुम्ही अकरावीला पुस्तपालन शिकला असाल, तेव्हा बँक जुळवणी पत्रक केले असेलच. रोकडवहीतील शिल्लक आणि पासबुकातील शिल्लक जुळत नाही म्हणून आपण त्यांपैकी एक खोटी ठरवत नव्हतो. एका शिलकेपासून सुरुवात करून, भरलेले पण न वटलेले धनादेश, बँकेने परस्पर लावलेले शुल्क अशा एकेका कारणाने अधिक-उणे करत दुसऱ्या शिलकेपर्यंत पोहोचत होतो. ५१ लाखांचा फरक म्हणजे कोणी न लिहिलेले जुळवणी पत्रक आहे. ते तुम्ही लिहा आणि अहवालाच्या पहिल्या पानावर लावा.

कारणे कोठे शोधावीत ते सांगतो. खाद्यपदार्थांच्या धंद्यात पहिला संशय स्कीमवर घ्यावा. बारा पेट्यांवर एक पेटी फुकट असेल, तर विक्री विभागाचे अ‍ॅप तेराही पेट्या पूर्ण किमतीने मोजते का, हे पाहा. दुसरा संशय परत आलेल्या मालावर: मुदत संपलेला, फुटलेला, न खपलेला. तिसरा, आणि माझ्या अनुभवात सर्वांत खोडकर, तो महिनाअखेरचा. २९ आणि ३० तारखेला उद्दिष्ट गाठण्यासाठी बिले फाडली जातात, ट्रक मात्र डेपोतून पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला निघतो. विक्री विभाग बिलाची तारीख धरतो, लेखा विभाग माल बाहेर पडल्याची. यांतले प्रत्येक कारण रुपयांत मांडा. "टायमिंगमुळे फरक" असे मोघम लिहून संचालकांपुढे जाऊ नका.

यापेक्षाही आधी करायचे काम म्हणजे व्याख्या लिहून काढणे. तुमच्या कंपनीत "सेल" हा एकच शब्द किमान तीन गोष्टींसाठी वापरला जात असेल. कंपनीने वितरकाला दिलेला माल म्हणजे प्रायमरी, वितरकाने दुकानदाराला दिलेला म्हणजे सेकंडरी, आणि दुकानातून गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला तो तिसरा. प्रायमरी वाढली आणि सेकंडरी जागीच राहिली, तर माल विकला गेलेला नसतो, तो फक्त आपल्या गोडाऊनमधून वितरकाच्या गोडाऊनमध्ये गेलेला असतो. अहवालाच्या माथ्यावर एक वाक्य असे असावे: "या अहवालात विक्री म्हणजे डेपोतून बाहेर पडलेला माल, जीएसटी वगळून, स्कीमचा फुकट माल शून्य किमतीने धरून आणि त्या महिन्यातील क्रेडिट नोट वजा करून." शब्द तुमचे तुम्ही ठरवा, परंतु त्या वाक्याखाली विक्री प्रमुख आणि लेखा प्रमुख या दोघांची सही घ्या. सही होईपर्यंत तीन बैठका लागतील. त्या बैठकांत तुम्हाला कंपनीविषयी जे कळेल, ते पाच वर्षांत कळले नसेल.

आणखी एक पथ्य. तीन तारखेला आकडा गोठवा. नंतर जी बिले रद्द होतील किंवा क्रेडिट नोट येतील, त्यांच्यासाठी पुढच्या अहवालात "मागील महिन्यांतील फेरफार" अशी वेगळी ओळ ठेवा. जुना आकडा गुपचूप बदलू देऊ नका. डॅशबोर्ड आपोआप ताजा होतो हे चांगले असले, तरी संचालकांनी ऑक्टोबरमध्ये पाहिलेला सप्टेंबरचा आकडा जानेवारीत वेगळा दिसला, तर त्यांचा विश्वास डॅशबोर्डवरून नव्हे, तुमच्यावरून उडतो.

सरळ_सांगतो

हिशेबनीसांचे म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, तरीही मी वेगळे सांगेन. दोन विभागप्रमुखांच्या भांडणात मध्यस्थी करण्याचा पगार तुम्हाला मिळत नाही. बारा दिवस पत्रके गोळा करण्यात जात असतील, तर दोष कंपनीच्या व्यवस्थेचा आहे. सहाही डेपोंना एकच साचा द्या, फाइली एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायला लावा आणि पॉवर क्वेरीने (एक्सेल व पॉवर बीआयमधील माहिती गोळा करून जोडण्याचे साधन) ते संपूर्ण फोल्डर एकदम वाचा. एकदा नीट बसवले की बारा दिवसांचे दोन होतील. व्यवस्थापनाने एवढेही करू दिले नाही, तर सहा महिने एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, मन लावून शिका आणि नोकरी बदला. पाच वर्षे एका जागी पुष्कळ झाली.

लीड्सकर

मी मूळचा अमरावतीचा, सध्या इंग्लंडमध्ये एका किरकोळ विक्री साखळीच्या रिपोर्टिंग विभागात आहे. फोल्डर वाचण्याचा सल्ला उत्तम आहे, पण त्यात एक मेख आहे. हाताने पत्रके जोडणारा माणूस प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालतो. यंत्र जोडू लागले की ते पाहणे थांबते, म्हणून त्या पाहण्याची जागा तपासणीने भरून काढावी लागते.

येथील एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस कोविडच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकूर फाइलींत येत आणि पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये ते एक्सेलच्या जुन्या, एक्सएलएस या प्रकारच्या फाइलींत भरले जात. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि एकेका रुग्णासाठी अनेक ओळी लागत होत्या. पत्रक भरले की पुढचे रुग्ण बाहेर राहत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्या लोकांना स्वतःचे निकाल मिळाले होते, परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध उशिरा सुरू झाला. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये एका पत्रकात १०,४८,५७६ ओळी मावतात, तरीही मुद्दा तोच राहतो: किती ओळी यायला हव्या होत्या आणि किती आल्या, हे कोणी मोजले नव्हते.

म्हणून दर महिन्याला माझ्या फाइलीचे पहिले पान आलेखांचे नसते, मोजणीचे असते. प्रत्येक डेपोची फाइल आली तेव्हा ओळी किती व रकमेची बेरीज किती, आणि जोडाजोडीनंतर किती. दोन्हींत एका ओळीचा फरक पडला तरी मी पुढे जात नाही.

ताईंनी आणखी एक गोष्ट तपासावी. पूर्वी तुम्ही वितरकाचे नाव व विभाग व्ही-लुकअपने (दुसऱ्या यादीतून नोंद शोधून आणणारे एक्सेलचे सूत्र) आणत असाल आणि आता पॉवर क्वेरीत मर्ज करत, म्हणजे दोन याद्या कोडवरून जोडत असाल. व्ही-लुकअप यादीत सापडलेली पहिली नोंद घेऊन थांबतो. मर्ज तसे करत नाही. वितरकांच्या मास्टरमध्ये (मूळ यादीत) एकाच कोडच्या दोन ओळी असतील, तर त्या वितरकाचे प्रत्येक बिल दोनदा येते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, बेरीज मात्र फुगते. जुन्या एक्सेलमध्ये दडलेला मास्टरचा दोष नव्या डॅशबोर्डवर असा अचानक रुपयांत उगवतो.

तारखांचेही सांगून ठेवतो. अ‍ॅपमधून ०५/०९ अशी तारीख आली आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असली, तर पाच सप्टेंबरचे बिल नऊ मे होऊन बसते. गंमत अशी की १३ तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्याने ती तारीख न राहता मजकूर म्हणून पडून राहते. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची विक्री वर्षभर विखुरलेली आणि उरलेल्या दिवसांची गायब, असे विचित्र चित्र दिसले तर बाजाराला दोष देण्याआधी तारखांचा कॉलम उघडून पाहावा.

गोदाकाठ

वरील चर्चेत मागील वर्षाशी तुलनेचा मुद्दा राहिला आहे. मी नाशिकमध्ये दुचाकी विक्रेत्यांच्या एका समूहासाठी अहवाल करतो. आमच्याकडे पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घरी नेणारे इतके असतात की त्या एका दिवसाने महिन्याचा आकडा हलतो.

आता पंचांग आणि आर्थिक वर्ष शेजारी ठेवून पाहा. गुढीपाडवा २०२२ मध्ये २ एप्रिलला होता, २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. म्हणजे आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये पाडवे दोन, २०२३-२४ मध्ये एकही नाही, आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा दोन! मी पहिल्यांदा अहवाल केला तेव्हा २०२३ च्या एप्रिलमधील घट पाहून शाखा व्यवस्थापकांना खुलासे मागितले गेले. एका वयस्कर व्यवस्थापकांनी खुलाशाऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. मी तो अजून जपून ठेवला आहे.

दिवाळीचेही तसेच आहे. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होते आणि २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे पुढे सरकून १२ नोव्हेंबरला. ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना केली तर घट दिसते, नोव्हेंबरची केली तर भरघोस वाढ, आणि दोन्ही निष्कर्ष फोल. तिमाही धरली तर दिवाळी दोन्ही वर्षी त्याच तिमाहीत येते, पाडव्याला मात्र तिमाहीही वाचवत नाही, कारण तो वर्षाच्या सांध्यावरच उभा आहे. मी तारखांच्या तक्त्यात प्रत्येक दिवसापुढे "पाडव्याला किती दिवस उरले" आणि "दिवाळीला किती दिवस उरले" असे दोन कॉलम ठेवले आहेत आणि सणाआधीच्या २१ दिवसांची तुलना सणाआधीच्या २१ दिवसांशी करतो. तुमच्या फरसाण-मिठाईसारख्या मालाला कदाचित ३० दिवस धरावे लागतील, कारण वितरक आधीच साठा करतात.

ओघात आठवले म्हणून सांगतो: पॉवर बीआयला आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते हे मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर वर्षारंभापासूनची बेरीज ते जानेवारीपासून धरते. आणि संचालकांसमोर आकडे मिलियनमध्ये ठेवू नका. लाख-कोटींत विचार करणाऱ्या माणसाला ४८.२ मिलियन म्हणजे किती, हे मनात करावे लागते, तेवढ्यात बैठकीतला पुढचा विषय सुरू झालेला असतो.

बेरीज_वजाबाकी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण हिशेबनीसकाकांनी सांगितलेले जुळवणी पत्रक खरोखरच करायला घेतले.

५१ लाखांपैकी ५० लाख ६० हजारांचा हिशेब लागला. स्कीमच्या फुकट पेट्या अ‍ॅपमध्ये पूर्ण किमतीने धरल्या होत्या, त्याचे १४ लाख. सप्टेंबरमध्ये बिल झालेला पण ट्रक ऑक्टोबरमध्ये निघालेला माल ११ लाखांचा. क्रेडिट नोट १८ लाख ६० हजारांच्या. आणि उरलेले ७ लाख लीड्सकरांनी सांगितले त्याच ठिकाणी सापडले. कोल्हापूरचे एक वितरक ऑगस्टमध्ये एका एरिया मॅनेजरकडून दुसऱ्याकडे दिले गेले, तेव्हा मास्टरमध्ये नवी ओळ घातली गेली आणि जुनी कोणी काढली नाही. त्यांची सप्टेंबरची सर्व बिले माझ्या डॅशबोर्डवर दोनदा मोजली गेली होती. विक्रीच्या अ‍ॅपमधील मूळ बेरीज ४.७५ कोटीच होती, म्हणजे त्या बैठकीत विक्री प्रमुख ज्या आकड्यासाठी भांडत होते तो त्यांचाही नव्हता, माझा होता. हे मी त्यांना स्वतः जाऊन सांगितले. ते रागावले नाहीत, थोडे हसले.

क्रेडिट नोटांकडे मात्र मी जास्त वेळ पाहत बसले. लेखा विभाग त्या सप्टेंबरमधून वजा करतो, पण प्रत्येक नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक असतो. तो धरून मी मागे गेले तेव्हा १८ लाख ६० हजारांपैकी १२ लाखांचा माल जूनच्या शेवटच्या आठवड्यात बिल झालेला निघाला. पहिल्या तिमाहीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी वितरकांच्या गळ्यात मारलेला माल तीन महिन्यांची मुदत संपल्यावर परत येत होता. जूनचा आकडा आम्ही टाळ्या वाजवून साजरा केला होता, हे सर्वांनाच आठवत होते. बैठकीत हे पत्रक दाखवल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही. नंतर विक्री प्रमुखांनीच विचारले की हेच डेपोवार काढून मिळेल का, आणि येत्या तिमाहीपासून एरिया मॅनेजरचे उद्दिष्ट मोजताना परत आलेला माल मूळ महिन्यातून वजा धरायचा, यावर चर्चा सुरू झाली आहे. निर्णय अजून झालेला नाही.

व्याख्येच्या वाक्यावर दोघांच्या सह्या झाल्या. बैठका तीन नव्हे, चार लागल्या. डेपोंसाठी एकच साचा केला आहे; सहापैकी चार डेपो तो पाळतात. एसक्यूएलचा वर्गही रविवारी सुरू केला आहे, सरळ_सांगतो यांनी तो सल्ला नोकरी सोडण्यासाठी दिला होता, मी तूर्त तो मास्टरमधील दुहेरी ओळी शोधायला वापरते.

राहिलेले ४० हजार काही केल्या सापडत नाहीत. ४ कोटींच्या हिशेबात ते "किरकोळ फरक" म्हणून दाखवले तर चालेल का?

जुना_हिशेबनीस

चालणार नाही. रक्कम लहान आहे म्हणून चूक लहान असते असे नाही. ६ लाख अधिक आणि ५ लाख ६० हजार उणे अशा दोन चुका एकमेकींच्या आड लपल्या, तरी बाहेर ४० हजारच दिसतात. एकूण फरकाकडे पाहू नका, सहाही डेपोंचे फरक वेगवेगळे काढा.

बेरीज_वजाबाकी

काका, काढले. चार डेपो शून्य. नागपूर अधिक २ लाख १० हजार, सांगली उणे १ लाख ७० हजार. दोन्ही डेपो प्रमुखांकडून २५ ते ३० सप्टेंबरची माल बाहेर गेल्याची नोंदवही मागवली आहे.